तीन मिनिटांचे सौभद्र

गतवर्षीच्या पावसाळ्यात आमच्या हळ्ळीखेडच्या घराचे माळवद एका कोपऱ्यात खचले. ते उतरवून पुन्हा घालावयाचे म्हणून माळ्यावरची दोन पिढ्यांची अडगळ खाली आणणे भाग पडले. फुटक्या समया, मोडका पाळणा, वाळवी लागलेल्या पोथ्यांचे फळकूट यांच्यामागून एक पत्र्याची पेटी निघाली, आणि तिचे झाकण उघडताच आमच्या नाकात साठ वर्षांपूर्वीचा वास भरला. लाखेचा, जुन्या कागदाचा आणि यंत्राच्या तेलाचा तो वास होता. पेटीत ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या. मोजल्या त्या एकतीस भरल्या. पैकी अभंग अकरा. (हा शब्द लेखणीतून सहज आला, प्रत्यक्षात त्या अकरांत अभंगाची तबकडी एकच आहे.)

आमचे गाव बीदर जिल्ह्यातील हुमनाबाद तालुक्यात. सरकारी दप्तरात गावाच्या नावापुढे कंसात 'बी' हे अक्षर लिहिलेले असते. 'हळ्ळी' म्हणजे कानडीत खेडे, आणि 'खेड' म्हणजे मराठीतही खेडेच. तेव्हा ज्या कोणी या गावाचे नाव ठेवले त्याने दोन्ही भाषांची समजूत एकदम घातली असावी. आमच्या बालपणी बाजारात कानडी, जुन्या कागदांत उर्दू आणि घरात मराठी असा व्यवहार होता. १९५६ च्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्य विभागले जाऊन बीदर म्हैसूर राज्यात गेले. त्यामुळे कचेरीची भाषा पालटली. देवळातल्या भजनाची मात्र पालटली नाही. शेजारच्या माणिकनगरास श्रीमाणिकप्रभूंची गादी. प्रभूंनी स्वतः मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषांत पदे केलेली. दत्तजयंतीच्या दरबारात थोर थोर गवई तेथे हजेरी लावून जात. गाणे ही देवापुढे रुजू करावयाची वस्तू आहे, विकत आणावयाची नव्हे, ही समजूत त्यामुळे आमच्या मुलखात खोल रुजलेली होती. आमच्या आजोबांनी हैदराबादेहून ग्रामोफोन विकत आणला तेव्हा म्हणूनच गावात थोडी कुजबुज झाली, असे आमची आजी सांगत असे.

यंत्र फार थोर नव्हते. लाकडी पेटी, उजव्या अंगास चावी, वर पितळी कर्णा. दर बाजूस नवी सुई लावावी, चावी भरावी आणि यंत्राचा काटा हलक्या हाताने तबकडीवर टेकावा. आरंभी तेल कढल्यासारखा चरचर आवाज, आणि मग एकाएकी त्या चरचरीतून माणूस गाऊ लागे. आमच्या शेजारचे एक मुसलमान गृहस्थ तबकडीस 'तवा' म्हणत. लहानपणी आम्हांस वाटे, चरचरते म्हणूनच तो तवा.

त्या अकरांतील दोन तबकड्यांविषयी येथे लिहावयाचे आहे. दोन्हींवर अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्रा'तील सुभद्रेचे एकच पद आहे. पहिली बालगंधर्वांची, ती घरात सर्वांची लाडकी, आणि वाजवून वाजवून तिच्या रेषा पांढुरक्या झालेल्या. दुसरी त्याहून पुष्कळ जुनी. तिच्या एकाच बाजूस गाणे आहे, पाठ कोरी गुळगुळीत. वरचा कागद इतका झिजला आहे की गाणाऱ्याचे नाव वाचता येत नाही. तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत 'हॅनोव्हर' एवढे मात्र ओळखू येते. लहानपणी आम्ही हे गाणाऱ्याचे गाव समजत असू आणि हे हनोवर कोठे कोकणात आले काय, असे वडिलांस विचारल्याचे स्मरते. वडील नुसते हसले होते.

आता जे सांगावयाचे ते सांगताना संकोच वाटतो. परंतु ते सांगितल्यावाचून पुढील मजकुरास अर्थ नाही.

१९६२ साल असावे. आम्ही सतरा वर्षांचे, गुलबर्ग्यास कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो आणि आपणास पुष्कळ कळते अशा वयात होतो. चैत्री पौर्णिमेस, हनुमानजयंतीच्या जागरास, गावी आलो. आमच्या मारुतीच्या देवळात भजन करणारे एक बुवा होते. व्यवसाय शिवणकामाचा. वय सत्तरीच्या आसपास. आवाज जाड, किंचित खरबरीत, पण सुराला पक्का. बुवा पहाटेच्या सुमारास, मंडळी पेंगू लागली म्हणजे, सौभद्रातील ते पद म्हणत. मारुतीपुढे सुभद्रेचे विरहगीत का, असा प्रश्न गावात कोणास पडत नसे. ते बुवांचे पद होते आणि ते झाल्यावाचून जागर पुरा होत नसे. बुवा ते अतिशय संथ म्हणत. एकेका ओळीवर थांबत, वळत, मागे येत, एखाद्या शब्दाभोवती चार वेळा फिरून तो वेगवेगळ्या बाजूंनी दाखवीत आणि मग पुढे सरकत. ध्रुवपदालाच पाव तास लागे. स्वर खालचा. आणि चालीत एके ठिकाणी असे एक वळण होते की जे आमच्या घरच्या तबकडीत नव्हते.

त्या रात्री आम्ही कॉलेजातल्या दोन मित्रांसह बसलो होतो. मित्रांपुढे आपल्या गावचे हसे होते असे आम्हांस वाटले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बुवांना घरी बोलावले, ओसरीवर ग्रामोफोन मांडला, आणि दहाबारा मंडळींसमक्ष बालगंधर्वांची तबकडी लावून म्हणालो, "बुवा, हे ऐका. आपली चाल चुकते. लय फार खाली जाते, आणि स्वरही उतरलेला असतो. रेकॉर्डमध्ये कसे आहे पाहा."

बुवांनी मान खाली घालून ऐकले. "पुन्हा लावा," म्हणाले. पुन्हा लावली. मग उपरणे सावरीत ते म्हणाले, "फार गोड म्हणतात. आमच्या वडिलांनी सोलापुरी किर्लोस्कर मंडळींत भावड्याचं ऐकलं होतं, ते असं नव्हतं. पण वडिलांच्या कानाचा काय भरवसा? यंत्र काही खोटं बोलणार नाही." आणि उठून गेले.

त्यानंतर बुवांनी ते पद पुन्हा म्हटले नाही. त्यांचे भजन चालूच राहिले. पहाटेची वेळ आली की ते प्रभूंचे एखादे पद घेत, आणि मंडळी टाळ धरीत. कोणी आग्रह केला तर "ते आपलं नव्हे," इतकेच म्हणत. चारपाच वर्षांनी ते वारले. आमच्या वडिलांनी त्या दुपारी आम्हांस एका शब्दानेही बोल लावला नाही. रात्री त्यांनी ग्रामोफोनची चावी काढून कपाटात ठेवली, आणि ती पुढे पुष्कळ दिवस बाहेर आली नाही. यंत्रात काही बिघाड झाला असेल, असे आम्हांस त्या वेळी वाटले.

पेटी निघाल्याचे आम्ही आमच्या नातवास कळविले. तो जर्मनीत असतो, आणि योगायोग असा की हॅनोव्हर शहरापासून जवळच. झिजलेल्या कागदाचे छायाचित्र पाहताच त्याने उलगडा केला. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर हा मूळचा हॅनोव्हरचा, आणि तबकड्या छापण्याचा मोठा कारखाना तेथेच होता. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास येऊन गौहरजान प्रभृतींचे गाणे मेणावर उतरवून घेऊन गेला. ती मेणे समुद्रमार्गे हॅनोव्हरास गेली आणि तेथे तबकड्या होऊन परत आली. १९०८ साली कलकत्त्यास कारखाना निघेपर्यंत हाच क्रम होता. लाख आपल्याकडची, गळा आपला, छपाई जर्मनीत, आणि गिऱ्हाईक पुन्हा आपणच! छापणाऱ्या कामगारांस आतले अक्षर कळत नसल्याने पुष्कळ गायक पदाच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत. आमच्या जुन्या तबकडीच्या अखेरीसही कोणी काही बोलतो. परंतु सुई तेथे घसरते आणि नाव कळत नाही.

नातवास पाश्चात्य संगीताचा नाद आहे. त्याने आमच्या तबकड्यांच्या निमित्ताने रिचर्ड वाग्नर या जर्मन संगीतनाटककाराच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आम्हांस ऐकविल्या. आम्हांस त्या संगीतातले कळते असा आमचा दावा नाही. पहिले दोन दिवस तर तो प्रचंड कोलाहल कानांस सहन होईना. परंतु नातवाने जो इतिहास सांगितला तो ऐकत असता आम्ही हळूहळू सावरून बसलो. कारण त्यात आमच्याच गोष्टीची दुसरी बाजू दिसू लागली.

वाग्नरचे अखेरचे संगीतनाटक 'पार्सिफाल' हे बायरॉइट येथे १८८२ च्या जुलैत रंगभूमीवर आले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी पुण्यास 'सौभद्रा'चे पहिले तीन अंक झाले. दोघेही नाटककार आपली पदे आपणच रचणारे. दोघांच्याही मागे त्यांची मंडळी उभी. वाग्नर पुढील वर्षी, १३ फेब्रुवारी १८८३ रोजी, वारला. अण्णासाहेब १८८५ च्या नोव्हेंबरात गेले. साम्य येथेच संपते असे म्हणावे तर शकुंतला आडवी येते. किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० सालचे. आणि १८८४ साली वाइमार येथे वाइनगार्टनर नावाच्या तरुण जर्मन संगीतकाराने 'शकुंतला' हेच संगीतनाटक करून दाखविले. कालिदासाने कोणाकोणास गावयास लावले, याचा कोणी तरी एकदा हिशेब मांडावा.

वाग्नरचे वारसदार नशीबवान ठरले. एडिसनचे बोलके यंत्र १८७७ सालीच निघाले होते. वाग्नरचा स्वतःचा आवाज त्यात उतरला नाही, हे खरे. पण त्याच्या हाताखाली गायलेली माणसे पुढे कर्ण्यापर्यंत पोचली. 'पार्सिफाल'च्या पहिल्या प्रयोगातला नायक हेरमान विंकेलमान याने वृद्धापकाळी तबकड्या दिल्या. १८७६ साली बायरॉइटच्या पहिल्या उत्सवात गायलेली लिली लेमान साठीच्या उंबरठ्यावर ओडियन कंपनीसाठी गायली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन नाट्यगृहातील मॅपलसन नावाच्या ग्रंथपालाने तर १९०१ ते १९०३ या काळात प्रत्यक्ष प्रयोग चालू असता मेणाच्या नळकांड्यांवर वाग्नरचे तुकडे उतरवून घेतले. त्यांतला एक नातवाने आम्हांस ऐकविला. समुद्राच्या पलीकडून कोणी तरी हाका मारीत आहे, मध्ये वादळ आहे, असे ते ऐकू येते. तरी तो खऱ्या प्रयोगातला खरा आवाज आहे.

आता आमचे पाहा. 'सौभद्रा'च्या पहिल्या प्रयोगातली सुभद्रा म्हणजे भाऊराव कोल्हटकर. बडोद्याहून आलेला हा तरुण महाराष्ट्रात 'भावड्या' या नावाने घरोघर ठाऊक झाला. त्याच्या आवाजाविषयी ज्यांनी लिहून ठेवले आहे त्यांची लेखणी तेथे आवरत नाही. भाऊराव १३ फेब्रुवारी १९०१ रोजी वारले. वाग्नरच्या मृत्यूचाच तो दिवस, वर्षे तेवढी अठरा पुढची. गैसबर्ग कलकत्त्यास उतरला तो १९०२ च्या अखेरीस. म्हणजे पुरते दोन वर्षांचेही अंतर नव्हते! एवढ्या अंतराने मराठी संगीत रंगभूमीचा पहिला गळा आपणांस कायमचा अंतरला. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले ते १९०५ साली, भाऊरावांच्या मागून चार वर्षांनी. सुभद्रेचा जो आवाज आपण आज सुभद्रेचा म्हणून ओळखतो तो दुसऱ्या पिढीचा आहे. 'स्वयंवरा'च्या चाली बांधणारे, बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत हयात होते, कर्णा दाराशी उभा होता. तरी त्यांचीही तबकडी नाही. अल्लादियाखांसाहेब १९४६ पर्यंत होते. तेही यंत्रापासून दूरच राहिले. थोरांच्या मनात यंत्राविषयी काय होते ते आम्ही कसे सांगावे? आमच्या आजीची कुजबुज मात्र आम्हांस पुरती आठवते: देवापुढचे गाणे पेटीत कोंडले की त्यातला देव निघून जातो.

आमच्या कोकणी वाचकांस येथे थोडे समाधान मानता येईल. गोमंतकातील देवळांच्या सावलीत जे गाणे वाढले त्याने यंत्राशी अधिक मोकळेपणाने व्यवहार केला. मंगेशीचे दीनानाथ १९४२ साली अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी गेले, पण त्यांची तडफ तबकड्यांत शिल्लक आहे. केरीच्या केसरबाई अल्लादियाखांसाहेबांच्याच शिष्या. गुरूंचा आवाज जगास मिळाला नाही आणि शिष्येचा आवाज १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानाबरोबर सोन्याच्या तबकडीत बसून सूर्यमालेच्या बाहेरच्या वाटेला लागला!

परंतु आम्हांस खरा धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. एके दिवशी नातू सहज म्हणाला की तिकडचे जाणकार जुन्या तबकड्यांची लय डोळे मिटून ग्राह्य धरीत नाहीत. का, म्हणून आम्ही विचारले. त्याने कारण सांगितले ते असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपास गाणे मावते, बारा इंचीवर थोडे अधिक. 'पार्सिफाल' चालते चार तासांवर. १९१३ साली आल्फ्रेड हेर्ट्स याने बर्लिनच्या वाद्यवृंदाकडून त्यातील काही भाग मुद्रित केले, तेव्हा वादकांस कर्ण्यापुढे दाटीने बसवावे लागे आणि संगीताचे तुकडे करून एकेक बाजू भरावी लागे. विजेच्या साहाय्याने मुद्रण सुरू झाल्यावर १९२७ साली बायरॉइटच्या नाट्यगृहातच कार्ल मुक या वृद्ध संगीतसंचालकाच्या तबकड्या घेतल्या गेल्या. मुक १९०१ पासून तेथे 'पार्सिफाल' चालवीत आलेला, आणि त्याच्या संथपणाची ख्याती. त्या मुद्रिकांत मंदिराच्या प्रवेशातील घंटा वाजतात. वाग्नरच्या नाटकासाठी मुद्दाम करविलेल्या त्या घंटा दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी वितळविल्या गेल्या असे सांगतात. नाद तेवढा तबकडीत राहिला. तो ऐकताना मात्र आम्हांस अर्थ समजावून घ्यावा लागला नाही. चार स्वरांची ती खोल, जड चाल. आणि मध्येच बाजू संपते. घंटा वाजत असता सुई कोऱ्या कडेला लागते आणि नुसती खरखर उरते.

"पण आजोबा, त्यांचं एक बरं आहे," नातू म्हणाला. "तबकडीत काही चुकलं, राहिलं, तर वाग्नरने एकूण एक स्वर कागदावर लिहून ठेवला आहे. तो काढून बघता येतो. आपल्या सौभद्राचा कागद कुठे आहे?"

आम्ही निरुत्तर झालो. 'सौभद्रा'ची छापील प्रत आमच्या कपाटात आहे. तीत प्रत्येक पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून एखाद्या जुन्या गाण्याचा आरंभ दिलेला असतो. बस्स, तेवढेच. अण्णासाहेबांनी लावणीवरून, कीर्तनातील साकी-दिंडीवरून, कानडी पदांवरून चाली उचलल्या. जन्म त्यांचा गुर्लहोसूरचा, म्हणजे ते आमच्यासारखेच कानडी मुलखातले मराठी. ज्या गाण्याची चाल म्हणून नाव दिले ते गाणे लोक विसरले की माथ्यावरची ओळ ही कुलूप हरवलेल्या किल्लीसारखी नुसती लटकत राहते. मग चाल राहते कोठे? ऐकणाऱ्याच्या कानात, आणि कानातून त्याच्या मुलाच्या गळ्यात. सोलापुरास किर्लोस्कर मंडळींचा खेळ पाहून रात्री परत निघालेला एखादा शिंपी ती वाटेने गुणगुणत आणील आणि पुढे मारुतीच्या देवळात मुलाकडून म्हणवून घेईल. आमच्या हळ्ळीखेडास वाग्नरच्या कागदाच्या जागी एक माणूस होता. आम्ही त्यास ओसरीवर बोलावून चुकीचे ठरविले.

आणि कशाच्या आधारावर? बालगंधर्वांच्या त्या तबकडीत पद तीन मिनिटांत बसविलेले आहे. बालगंधर्व रंगभूमीवर एकेक पद किती आळवीत, 'वन्समोअर' किती होत, प्रयोग रात्र सरेतो कसे चालत, हे ज्यांनी पाहिले त्यांनी लिहून ठेवलेले आहे. ते स्वतःसुद्धा आपल्या तबकडीप्रमाणे गात नव्हते. त्या तबकडीने आम्ही बुवांस मापले.

एवढ्यानेही भागले नाही. नातवाने आम्हांस यंत्राची गती विचारली. तबकडी मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेते हे प्रमाण पुढे रूढ झाले. आरंभीच्या तबकड्या कमी-अधिक वेगाने मुद्रित होत, आणि यंत्रास गती मागेपुढे करण्याची एक कळ असे. वेग वाढविला की लय तर वाढतेच, स्वरही चढतो. आम्ही आमचे जुने यंत्र पुसून पाहिले. कळ शेवटपर्यंत 'जलद'कडे ढकललेली, आणि त्याच जागी गंजून घट्ट बसलेली. मग आठवले. यंत्राची कमान जुनी झाली होती, तबकडी संपता संपता ती मंदावे आणि गायक रडू लागे. म्हणून आम्हीच ती कळ पुढे ढकलून ठेविली होती, कॉलेजास जाण्यापूर्वीच. म्हणजे बुवांस ज्या स्वराने उतरलेले ठरविले तो स्वर बालगंधर्वांचाही नव्हता. तो आमच्या बोटाचा होता. वडिलांनी त्या रात्री चावी का काढून ठेविली हे तेव्हा लक्षात आले. ते यंत्र त्यांचे होते; त्याची कळ कोठे आहे हे त्यांस ठाऊक होते.

नातवाने दोन्ही तबकड्या आपल्या एका मित्राकडून योग्य गतीने उतरवून घेतल्या. बालगंधर्व आता अधिक खालच्या स्वरात, अधिक निवांत गातात; आवाजाचा गोडवा तोच, पण त्यास एक जडपणा आला आहे, जो आम्ही पूर्वी कधी ऐकला नव्हता. जुन्या, निनावी तबकडीचे मात्र विशेष. तिचा गायक घाईत आहे. कोणी तरी शेजारी उभा राहून हाताने खूण करीत असावा असा घाईत. दोनदा श्वास अपुरा पडतो. पण ध्रुवपदाच्या दुसऱ्या ओळीत, बालगंधर्व जेथून सरळ खाली येतात तेथे, हा गायक अर्धा क्षण अडून वर पाहतो आणि एक लहानसे वळण घेऊन मग उतरतो. आम्ही ते दहा वेळा ऐकले. ते बुवांचे वळण होते. बुवांस त्या वळणाला जेवढा अवकाश लागे त्याच्या दशांशात ते उरकले आहे, इतकेच. ती तबकडी त्या दुपारी पेटीतच होती. जुनाट आहे, खरखरते, मित्रांपुढे कशाला लावावी, म्हणून आम्ही ती काढली नव्हती.

बुवांचे घर देवळामागच्या आळीत आहे. त्यांचा मुलगा केव्हाच निवर्तला. नातू सत्तरीला आलेला, गावात कापडाचे लहान दुकान चालवितो, आणि श्रावणात देवळात पखवाज धरतो. भजने आता पुष्कळशी कानडीत होतात. आम्ही काठी टेकीत त्यांच्याकडे गेलो. चहा झाला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग आम्ही १९६२ ची ती दुपार जशी घडली तशी सांगितली. ते ऐकत होते. त्यांना ती ठाऊक होती.

"आठ वर्साचा होतो, काका. तुमच्या वट्यावर खाली बसलो होतो की मी."

आम्ही मोबाइलवर जुनी तबकडी लावली. त्यांनी डोळे मिटले. ते वळण येताच त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला. तबकडी संपल्यावर काही वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी घसा साफ केला आणि ध्रुवपद म्हटले. खालच्या स्वरात, फार संथ. दुसऱ्या ओळीशी थांबले, त्या वळणाभोवती एकदा फिरले, पुन्हा फिरले, तिसऱ्यांदा दुसऱ्याच बाजूने आले आणि उतरले. आम्ही ते मुद्रित करीत होतो. यंत्रात मिनिटांचे बंधन आता नाही. ध्रुवपद संपले. त्यांनी अंतऱ्यासाठी श्वास घेतला आणि थांबले.

आम्ही वाट पाहिली.

"पुढलं न्हाई येत, काका," ते म्हणाले. "मी बसून शिकावं त्या वयात आलो, तवा आज्जा म्हनायचंच सोडले होते."